आधी जेवा, मावशी

पळीच्या काठावर वरणाचा एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता – आणि इंद्रायणी त्याच्याकडेच बघत राहिली, कारण मान वर केली की रांगेत साखराबाई दिसणार होती.

सरकारी दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली, तरुण मंडळाची पोरं रोज दुपारी वाढायला उभी राहत. किल्लारीच्या भूकंपात भाकरी पोचवायला गेलेली ही जालन्याची मुलं परतल्यावर पांगली नाहीत. एका संस्थेचा स्वयंपाक टेम्पोतून आणून रुग्णांच्या नातेवाइकांना वाढू लागली. कॉलेज सुटलं की इंद्रायणी येई. ज्यांना उतरवत नाही त्यांची ताटं तीच वर वॉर्डात नेई. आजही नेली, तर कोपऱ्यातल्या खाटेवर म्हस्कूबाबांच्या तोंडावरून चादर ओढलेली... "यांची बायको खाली जेवायला आली असेल," सिस्टर हळू म्हणाल्या, "वर पाठव तिला." जिना उतरताना तिनं वाक्य जुळवलं होतं – मावशी, वर चला. एवढंच तर म्हणायचं होतं.

साखराबाई पुढे आली. भोकरदनकडची, मेंढरांमागं हिंडून रापलेला चेहरा.

"काल आला न्हाईत तुम्ही, पोरी. लई वाट बघितली."

काल टेम्पो बंद पडला होता. म्हणजे परवापासून हिच्या पोटात... साखराबाईनं जर्मनचा डबा पुढे केला. इंद्रायणीचा मामा गेल्याची खबर आली तेव्हा आईनं तोंडातला घास मोरीत थुंकला होता, आणि नंतर कितीतरी दिवस ती ताटावर बसायची आणि तशीच उठायची – आता सांगितलं तर ही बाईसुद्धा उपाशीच जिना चढणार, उपाशीच रडणार, आणि पुढे गावापर्यंतचा तो रस्ता...

"डब्यात घाल. आधी त्यांन्ला देऊन येते."

"ते झोपलेत, मावशी." शब्द निघून गेले, ते आपलेच होते हे तिला उशिरा कळलं. "तुम्ही आधी जेवा."

"झोपले?" चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. "बरं झालं बाई. रातभर कण्हून राह्यलते. मंग बसते हितंच."

ती पारावर टेकली. भाकरी मोडून वरणात कुस्करली, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग भराभर जेवू लागली. "आज वरण बराबर झालंय," म्हणाली, बोटं चाटली, आणखी भाकरी मागितली. इंद्रायणीनं वाढली. वाढताना वाटलं, मी हिला हे घास चोरून देते आहे... कुणापासून चोरून? तिच्याच दुःखापासून? उद्या तिला आठवेल, तो वर तसा पडला होता आणि मी बोटं चाटत होते. आता सांगावं. एवढा घास गिळू दे. आता. पाणी पिऊ दे...

साखराबाईनं उरलेली भाकरी डब्यात ठेवली, "उठले की देते," म्हणत जिना चढली.

वरून आवाज आला तेव्हा रांग थबकली. मग पुन्हा पुढे सरकली. इंद्रायणीनं पळी शेजारच्या मुलाच्या हातात दिली.

खाटेच्या पायथ्याशी बसून साखराबाई आपल्याच तोंडावर मारून घेत होती. "जेवत होते गं मी... हे तोंड माझं..." इंद्रायणीला बघताच तिनं तिचं मनगट घट्ट धरलं. आता विचारणार, तुला ठाऊक होतं का? इंद्रायणी त्याचीच वाट बघत उभी राहिली. विचारावं असंच तिला वाटत होतं.

"तू बघितलंतं न त्यांन्ला? झोपलेत म्हणलीस. मंग झोपेतच गेले न्हाई का? तरास न्हाई झाला न?"

इंद्रायणीनं फक्त चादर बघितली होती.

"न्हाई झाला, मावशी."

साखराबाईनं शेजारच्या खाटेवरच्या बाप्याकडे तोंड वळवलं. "ह्या पोरीनं बघितलं, दादा. झोपेतच गेले म्हणती." आणि मग मोकळं रडू लागली.

मनगट तिनं सोडलं नाही. तिची भूक बघून मी बोलले, की ते एवढंसं वाक्य बोलायला घाबरले म्हणून? – दोन्ही इतकं एकमेकांत मिसळलं होतं की इंद्रायणीला वेगळं काढता येईना. कळत होतं ते एवढंच, की साखराबाई हे गावी सांगेल, येणाऱ्याजाणाऱ्या बायांना वर्षानुवर्षं सांगत राहील, आणि त्या सांगण्यात जालन्याची एक पोरगी कायम म्हस्कूबाबांच्या उशाशी उभी असेल... जिथं ती त्या वेळेला नव्हतीच.