मधला चौकोन

गोधडीची कल्पना माझी होती, हे आधीच सांगून ठेवते. गोदामाची आग आमच्या गल्लीपर्यंत पोचली नाही ती अग्निशमन केंद्रातल्या माणसांमुळे. तेव्हा त्यांना नुसती आभाराची पाटी देण्यापेक्षा त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या जुन्या शर्टाचा एकेक चौकोन लावून गोधडी शिवू, असं मीच सुचवलं. माझ्यासारखा बारीक, सरळ टाका गल्लीत दुसऱ्या कुणाला जमत नाही, म्हणून चौकोन जोडायचं कामही माझ्याकडेच आलं.

मग सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, मधला चौकोन हिच्या नवऱ्याचा. हिच्या म्हणजे माझ्या धाकट्या जावेच्या. भाऊजींचा शिडीवरचा फोटो पेपरात आला होता ना! आमचे हे आणि भाऊजी सख्खे भाऊ, एकाच केंद्रात. पण भाऊजी शिडीवर चढतात आणि हे बंब चालवतात. चोवीस वर्षं यांनी बंब वेळेवर पोचवला, खाली उभं राहून पाण्याचा दाब सांभाळला. पण पंपाजवळ उभ्या असलेल्या माणसाचा फोटो कोण काढतो? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडाने मात्र म्हटलं, "हो हो, शोभेलच."

जाऊ शर्ट घेऊन आली. खांद्याशी बटणाएवढं भोक, कडा काळ्या. बायकांनी आळीपाळीने त्याला बोट लावून पाहिलं, एकीने तर डोळेही पुसले. मग मी यांचा शर्ट उलगडला, तर तीच बाई विचारते, "नवा आहे का हो?"

नवा! नऊ वर्षं अंगावर होता. धुऊन धुऊन कॉलर विरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. यांच्या चौकोनाला इस्त्री करता करता माझा हात थांबला. म्हणजे मी थांबवला. धूर निघाला, वास आला, तेव्हा इस्त्री उचलली. तपकिरी डाग आणि मधोमध छानसं भोक. मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू! आता मध्ये हाच लावायचा आणि भाऊजींचा कोपऱ्यात, हेही ठरवून टाकलं. कुणी विचारलंच, तर मापात बसत नव्हता म्हणायचं.

तेवढ्यात जाऊ अस्तर घेऊन आली. चौकोन बघितला आणि तिचा चेहराच उतरला.

"दादांना कुठे लागलं? कधी? आम्हाला कसं कळलं नाही?"

"अगं, जुनं आहे ते."

तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

"ताई, हे इस्त्रीचं आहे."

"काहीतरीच!"

"ठिणगीच्या भोकाची कड बोटाला टोचते. बारा वर्षं रफू करतेय मी. आणि हे बघा, इस्त्रीचं टोकसुद्धा उमटलंय."

चोरी पकडली गेली की माणूस आधी चिडतो. मीही चिडले. "मग काय करू? फोटो तुझ्या नवऱ्याचा, मधला चौकोन तुझ्या नवऱ्याचा! आमचे हे काय बंबातून हवा खायला जातात? दुखतं माझ्या पोटात. झालं समाधान?"

ती माझ्याशी भांडेल असं वाटलं होतं. ती खालीच बसली.

"घ्या मधला. आत्ता घ्या. हे ड्युटीवरून आले ना ताई, की मी आधी तोंड नाही बघत, शर्ट बघते. भोक कुठे पडलंय आणि खाली कातडी किती गेलीय. तुमच्या दोरीवर दादांचे अख्खे शर्ट वाळत असतात, ते खिडकीतून दिसतात मला. एक दिवस आमचाही असाच येऊ दे, म्हणते मी रोज." तिने चौकोन माझ्या मांडीवर टाकला. "आणि तुम्ही अख्खा शर्ट हाताने जाळलात?"

मी उठले, यांच्या शर्टाच्या पाठीतून दुसरा चौकोन कापला आणि तो भाऊजींच्या चौकोनाशेजारी लावला. मधला भाऊजींचाच ठेवला. अगदी आनंदाने ठेवला असं नाही, पण टाके घट्ट घातले.

केंद्रात गोधडी भिंतीवर टांगली. जो तो मधल्या भोकाकडेच बोट दाखवत होता. भाऊजींचा पुन्हा फोटो निघाला, आणि खोटं कशाला बोलू, मला पुन्हा झोंबलं. आमचे हे बाहेर बंबाचा आरसा पुसत उभे होते.

सगळे चहाला वळले तेव्हा जाऊ एकटीच भिंतीजवळ गेली. मधल्या चौकोनाकडे तिने बघितलंही नाही. शेजारच्या अख्ख्या चौकोनावर तळवा ठेवून ती तो हळूहळू सारखा करत राहिली. तिची ती नजर मला लगेच ओळखू आली. ती माझीच होती.