न चढलेल्या आठ बाटल्या

कळसाडीत मंगलाबाई पुष्कळ असतील, पण आडव्या बाटलीवाली मंगलाबाई एकच. सहा वर्षांपूर्वी गावातलं देशी दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर बायकांचं मतदान झालं. कागदावर एक बाटली उभी, म्हणजे दुकान चालू; एक आडवी, म्हणजे बंद. हिनं घरोघर जाऊन, भाकरी थापत बसलेल्या सुनांना पीठभरल्या हातांनी उठवून नेलं आणि बाटली आडवी पाडूनच घरी आली. दुकानाला कुलूप लागलं तेव्हा पेपरवाला फोटो काढायला आला, तर त्याला म्हणाली, "मन्हा काय फोटो काढस, त्या कुलूपना काढ." अशी ही बाई.

आणि हिच्याच पोटच्या पोराला धंदा सुचावा बिअरचा! आता बोला.

कुंदन तीन वर्षं पुण्याला होता. 'थंड पेयनी कंपनी' असं घरात सांगितलेलं. मंगलाबाईनंही गावभर तेच सांगितलेलं, वर थोडं स्वतःचं घालून. सारंगखेड्याच्या यात्रेला म्हणून तो घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यानं एक खोकं आईपुढं ठेवलं. आत बारा बाटल्या.

"माय, आते खरं सांगस. मी बिअर बनावस."

चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मंगलाबाई जागची हलली नाही. कुंदन घाईघाईनं सांगत सुटला. ही तसली बिअर नाही. हिच्यात अर्धा टक्का दारू, म्हणजे नावापुरती. हॉप्स म्हणून एक वेल असतो, त्याची हिरवी फुलं घालायची, वास आणि चव सगळी त्या फुलांची. पुण्यात लोकांना हल्ली हीच हवी असते. गाडी चालवत घरी जायचंय, सकाळी कामावर जायचंय, पण चार जणांत बसून काहीतरी चांगलं प्यायचंही आहे, अशांची गर्दी. शनिवारी दुपारीच संपते, पुरी पडत नाही.

"चढस का?" मंगलाबाईनं विचारलं.

"नही चढत."

"मंग पितस काबर?"

"चव करता."

"कशी लागस?"

"कडू."

मंगलाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. नवल हा बायकोच्या वाटेत कधी न येता सुखात म्हातारा होत चाललेला माणूस. तो बैलाकडं बघत बसला.

"कडू पेवाकरता लोके पैसा देतस," ती म्हणाली. "कारलाना रस आठे फुकट भेटस, त्यासले सांग."

वर चेष्टा केली, पण आतून ती हादरली होती. अर्धा टक्का म्हणे! 'थोडीशीच लिधी' हे वाक्य तिनं याच घरात वीस वर्षं ऐकलं होतं. तिचा धाकटा दीर रतिलाल. बाटली आडवी करायला ती उठली ती त्याच्यामुळं. त्याची बायको शीला फुटक्या कपाळानं एका रात्री हिच्या दारात येऊन बसली, तिथून सगळं सुरू झालं. दुकान बंद झालं तरी रतिलाल शेजारच्या गावी जाऊन प्यायचाच. पण यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी त्यानं सोडली. कुणी शपथ घातली नाही, की बुवाकडं नेलं नाही. त्यानं आपली आपण सोडली. सात महिने झाले होते. शीलाच्या अंगावर थोडं मांस आलं होतं.

गावचा नियम मंगलाबाईनंच केलेला. गावात बाटली आणेल त्यानं ती पारावर सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं फोडायची. दुसऱ्याचं पोर असतं तर हिनं कान धरून नेलं असतं. पण कुंदननं एक बाटली उजेडात धरून, आतला रंग कसा जमला ते दाखवलं, आणि लहानपणी पाटीवरचं गणित दाखवायचा तेव्हाचाच चेहरा. बाईचं मन वितळलं. आईपण माणसाला कुठं खाली बघायला लावील, सांगता येत नाही.

"उद्या सकायले हाई खोकं लई जाजो," ती म्हणाली, आणि खोकं उचलून चाऱ्याच्या खोलीत, कडब्याच्या पेंढ्यांमागं दडवून आली.

आता एवढी हुशार बाई, पण चोराची अक्कल वेगळी असते, ती हिला कुठली! चाऱ्याची खोली दोन्ही घरांची सामाईक. आणि दुपारी बैलांना पेंढी काढायला रोज कोण जातं? रतिलाल.

चार वाजता शीला आली. हातात एक रिकामी बाटली होती. ती तिनं उंबऱ्यावर ठेवली.

"बाई, अश्या आठ रिकाम्या शेतस. कडबाना मांगे." मोठ्या जावेला ती 'बाई'च म्हणायची. "तो घर नही. कोनी ठेयात या आठे?"

पोरावर ढकलता आलं असतं. नवलवरही ढकलता आलं असतं, तो काही बोलला नसता.

"मी," मंगलाबाई म्हणाली.

शीला भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "सात महिना व्हयनात, बाई."

मंगलाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. गावाची दारू बंद केली, आणि घरातल्या माणसाच्या हाताला लागेल अशी स्वतःच ठेवली! कुंदन बाहेर आला, त्यानं बाटली पाहिली आणि त्याचा रंग उडाला. "काकू, तिन्हामा अर्धा टक्का..." एवढंच बोलला.

"तोंड बंद कर," मंगलाबाई म्हणाली.

कुंदनलाही कळत होतं. त्या आठ बाटल्यांची भीती कुणालाच नव्हती. भीती होती नवव्या बाटलीची. सात महिन्यांनी घशाखाली तो वास गेला, आता माणूस खरी शोधायला निघणार. शेजारच्या गावच्या फाट्यावर मिळते, सगळ्यांना माहीत. कुंदन मोटारसायकल काढून फाट्याकडं गेला. नवल न सांगता गावातल्या विहिरीकडं गेला, आणि तो का गेला हे कुणी बोललं नाही. दोघी जावा शेताच्या वाटेला लागल्या.

वाटेत मंगलाबाईच्या डोळ्यांपुढं मागच्या वर्षीचं चित्र. रतिलाल असाच पिऊन उसाला पाणी भरायला गेला होता. बांध फोडून सगळं पाणी शेजारच्या हरभऱ्यात सोडलं, आणि स्वतः सरीत चिखलात आडवा. नाकापर्यंत पाणी आलं होतं. तेव्हा शीलानं केसांना धरून ओढून काढलं होतं. आज तसंच असलं तर? त्याहून वाईट असलं तर? या पोरीला मी कुठल्या तोंडानं घरी नेऊ? देवा, एकदा सांभाळ, पुन्हा पोराची माया म्हणून नियम मोडणार नाही, असं ती मनात घोकत होती. देवाशी असले सौदे करणाऱ्यांना ती एरवी हसायची.

शेत जवळ आलं तशी पाण्याची मोटार ऐकू आली. मोटार चालू होती. शीलाचे पाय थबकले.

मंगलाबाई पुढं झाली आणि बांधावरून खाली पाहिलं. आधी शेजारचा हरभरा पाहिला. कोरडा ठणठणीत. मग उसाच्या सऱ्या पाहिल्या. पहिली सरी शेवटापर्यंत भरलेली, तोंड चिखलानं नीट लिंपून बंद केलेलं. दुसरी तशीच. तिसरी, चौथी, पाचवी... एकही फुटली नव्हती, एकही उपाशी नव्हती. सगळं पाणी शिस्तीत चाललं होतं. आयुष्यभर शेतात काढलेल्या बाईला डॉक्टरच्या कागदाची गरज पडत नाही. झिंगलेल्या माणसाच्या हातून अशी सरी भरत नाही.

"शीला," ती म्हणाली, "आठे ये. देख."

शीलानं पाहिलं. मग तिनं मंगलाबाईचा दंड धरला, इतका घट्ट की दुखला. मंगलाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिनं पुसलंही नाही.

उसाच्या टोकाला रतिलाल उभा होता. पायजमा गुडघ्यापर्यंत, हातात फावडं. दोघींना पाहून तो पळाला नाही, पुढंही आला नाही.

"आठ पिन्यात, वहिनी," तो तिथूनच म्हणाला. "खोटं नही बोलस. पहिली फोडी ती चढाकरताच फोडी."

"मंग?"

"मंग काय! आते चढी, आते चढी म्हनीसन बसी ऱ्हायनू. चौथी व्हयनी, पाचवी व्हयनी. काहीच नही. नुसती कडू, अन घडीघडी मुताले पळनं." त्याच्या आवाजात खरीखुरी तक्रार होती. "आठवी व्हयनी अन लाईट उनी. म्हणं, बठीसन काय करू, उसले पाणी भरनं पडी."

मंगलाबाईला हसू फुटलं. रडता रडता हसू आलं की बाईमाणूस आवरत नाही. त्या हसण्यातच मागून मोटारसायकल थांबली आणि कुंदन धावत बांधावर आला. काका उभा, आई हसतेय, त्याला काही कळेना.

"तुन्ही दारू बेकार शे," रतिलालनं त्याला सांगितलं.

"खरंच अर्धा टक्का शे वाटस," मंगलाबाई म्हणाली.

"माय, मी तुले खोटं सांगसू का?"

"तीन वरीस सांगं नही का, थंड पेयनी कंपनी!"

कुंदन मान खाली घालून हसला. पण मग म्हणाला, "तरी काकासले ती नको व्हती. वासवरी मन जास. मी घर आणाले नको व्हती."

"मीबी ठेवाले नको व्हती," मंगलाबाई म्हणाली. शीलाकडं बघून म्हणाली, आणि शीलानं ते ऐकून घेतलं.

रतिलाल अजून तिथंच होता. त्यानं फावडं चिखलात रोवलं आणि पहिल्यांदाच बायकोकडं पाहिलं. मघाची तक्रार आवाजातून गेली होती.

"शीला, मन्हा सात महिना मोडनात का वं?"

मंगलाबाईला वाटलं, आपण काहीतरी म्हणावं. सहा वर्षं ती गावाला दारूबद्दल बोलत आली होती. पण हे सांगायचा हक्क एकाच बाईचा होता.

शीलानं लुगड्याचा काष्टा वर खोचला, सरीत उतरली आणि त्याच्याजवळ गेली. त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग उसाकडं पाहिलं.

"चार सऱ्या बाकी शेतस," ती म्हणाली. "लाईट जावाना पहिले भर. मंग घर जाऊत."

त्यानं फावडं उचललं. शीला पुढच्या सरीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, पाणी आलं की हाक मारायला. मंगलाबाईनं कुंदनचं मनगट धरलं आणि दोघांना तिथंच ठेवून ती घराकडं निघाली. त्या संध्याकाळी दोन्ही घरच्या भाकरी तिनंच टाकल्या.