लोसरच्या माळावर मालतीबाई

गोपालचा पाय मोडला तेव्हा बाईक चंदीगडला जाऊन पडली होती.

तो आणि त्याची बायको हर्षदा वर्षभर या सहलीची तयारी करत होते. चंदीगडहून किन्नौर, तिथून स्पिती, मग कुंझुमची खिंड उतरून मनाली. जिथं जमेल तिथं तंबू ठोकायचा. सरावासाठी दर रविवारी दोघं सुरतबाहेर चलथाणच्या पुढं उसाच्या शेतांमधल्या चिखलाच्या वाटांवर बाईक घालायचे आणि संध्याकाळी पांडेसराला घरी यायचे ते ओळखू न येण्याइतके बरबटून. गोपालनं स्टेशनवर बाईक पार्सलनं चढवली आणि पुढच्याच रविवारी सोसायटीत क्रिकेट खेळताना चेंडू अडवायला गेला. चेंडू अडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आलं.

"मीच जाते," हर्षदा म्हणाली. "बाईक आणायला कुणीतरी जायलाच पाहिजे."

"चंदीगडहून बाईक आणायची तर स्पितीवरून यायचं?" गोपालनं विचारलं.

"रस्ता तोच चांगला आहे."

हर्षदा मिलच्या लॅबमध्ये कापडाचे रंग जुळवायचं काम करायची आणि बाईक गोपालपेक्षा चांगली चालवायची. हे दोघांनाही माहीत होतं. बोलून मात्र फक्त तीच दाखवायची. सासरे धुडकूभाऊंनी कपातला चहा बशीत ओतला आणि विचार करून म्हणाले, "बेटा, एकटी नको जाऊ. सोबत कोणीतरी पाहिजे."

हर्षदाच्या सासूबाई मालतीबाई खाली बसून साडीला खडे चिकटवत होत्या. बोटावरचा खडा नेमक्या जागी टेकवून त्यांनी मान वर केली. "मी येस तुनासंगे," त्या अहिराणीत म्हणाल्या.

त्या कोणाशी बोलल्या हे आधी कुणाला समजलंच नाही. धुडकूभाऊंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"कुठं येणार तू?"

"ती जाई ऱ्हायनी तठे. हिमालयात. तिकीट तर गोपालचं काढेलच शे."

"अगं, आणि आमचं जेवण?"

"खिचडी करा. गोपाल बसल्या बसल्या मिरची कापेल."

हर्षदाला वाटलं, दोन दिवसांत हा उत्साह उतरेल. पण मालतीबाई दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन बीपी, साखर, छाती सगळं तपासून आल्या. सगळं ठणठणीत निघालं याचा त्यांना इतका अभिमान वाटला की भाजीवाल्यालाही सांगितलं. मग गोपालची बाईकवर घालायची जाड पॅन्ट आणि जॅकेट त्यांच्या मापाचं करून घेतलं. लग्नानंतर साडीशिवाय त्यांनी काही नेसलं-घातलं नव्हतं. ते घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. मग गुडघ्यावरच्या टणक ढालीवर त्यांनी दार ठोठावावं तसं ठोठावलं आणि एकट्याच हसायला लागल्या.

चंदीगड सोडल्यावर पहिले दोन दिवस मालतीबाई मागं बसून दोन्ही हातांनी हर्षदाचं जॅकेट गच्च धरून असायच्या. तिसऱ्या दिवशी सतलजच्या कडेनं डोंगर कोरून काढलेला रस्ता लागला. वर छपरासारखा खडक, खाली खोल दरीत मातकट नदी. डांबर संपलं आणि बाईक दगडांवरून उड्या घेऊ लागली, तशी त्यांची पकड सुटली. मागून एकेका धक्क्याला "हं", "हं" असा आवाज यायला लागला. हर्षदानं घाबरून बाईक थांबवली.

"मम्मी, त्रास होतोय का?"

"नाही गं. मजा येतेय. तू थांबली कशाला?"

पहिला तंबू त्यांनी ताबोच्या अलीकडे, एका सफरचंदाच्या बागेच्या कडेला मालकाला विचारून लावला. तंबू उभा राहील यावर मालतीबाईंचा काही केल्या विश्वास बसेना. "एवढ्याशा पिशवीत घर?" असं म्हणत त्यांनी काठ्या जोडल्या, खुंट्या दगडानं ठोकल्या आणि आत शिरून एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर लोळून पाहिलं. बाहेर हर्षदा छोट्या शेगडीवर नूडल्स शिजवत होती. मालतीबाईंनी सामानातून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची चवड आणि ठेचा काढला. ठेचा नूडल्समध्ये पडला. दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकं वाहायला लागली आणि तरी दोघींनी भांडं निपटून खाल्लं.

हर्षदाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. दोघींचं भांडण कधी नव्हतं, पण बोलणं व्हायचं ते गॅसचं, दुधाचं, पाहुण्यांचं. त्या संध्याकाळी मालतीबाई लहानपणी नंदुरबारजवळच्या गावात झाडावर चढण्यात सगळ्यांना हरवायच्या, हे हर्षदाला पहिल्यांदा कळलं. "मग लग्न झालं," त्या म्हणाल्या, "आणि सुरतमध्ये झाडंच खालून दिसायला लागली."

काझाला दोन दिवस थांबून त्या लोसरच्या पुढं निघाल्या. तिथं नदीच्या पात्राशेजारी मोठा सपाट माळ आहे. ना झाड, ना भिंत, ना माणूस. चारी बाजूंना तपकिरी, जांभळे, राखाडी डोंगर. हर्षदा हेल्मेट काढून त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या छटा लॅबमध्ये कधी जुळवता आल्या नसत्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"माले चालाडू दे."

"काय?"

"गाडी. इथं कोणाला धडकणार मी? डोंगर तर लांब आहे."

हर्षदानं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण सासूच्या चेहऱ्याकडे बघून ते मिटलं. तिनं क्लच दाखवला, ब्रेक दाखवला, गिअर पहिलाच ठेवायचा असं तीनदा सांगितलं. अडचण एकच होती. बाईक उंच आणि मालतीबाईंचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मग त्यांनी एक बसका खडक शोधला, त्यावर उभं राहून टांग टाकली. हर्षदानं धरून ठेवलं. इंजिन दोनदा बंद पडलं. तिसऱ्यांदा बाईक पुढं सरकली आणि मालतीबाई निघाल्या.

सुरुवातीला बाईक पिऊन चालल्यासारखी डुलत होती. मग सरळ झाली. मालतीबाई ताठ बसल्या होत्या, कोपरं बाहेर काढून, सूप धरल्यासारखं हॅन्डल धरून. पन्नास-साठ पावलांवर गेल्यावर त्यांनी मोठं वळण घेतलं आणि परत आल्या. हर्षदाच्या जवळून जाताना त्या हेल्मेटमधून काहीतरी ओरडल्या.

"काय म्हणताय?"

दुसऱ्या फेरीला ऐकू आलं. "थांबू कशी? पाय कुठं टेकू?"

ही गोष्ट दोघींच्याही लक्षात आली नव्हती. थांबायचं तर बाईक नेमकी त्या खडकाशेजारी यायला हवी होती. मालतीबाईंनी खडकावर नेम धरला. बाईक दोन हात लांबून गेली. पुन्हा फेरी. यावेळी खडक दुसऱ्या बाजूला आला. हर्षदा शेजारून धावायला लागली, पण त्या उंचीवर चार पावलांत छाती भात्यासारखी व्हायला लागली. "ब्रेक," ती धापा टाकत म्हणाली, "मम्मी, ब्रेक, मी धरते." मालतीबाई वळून तिच्याकडे बघायला गेल्या. त्या बघतील तिकडे बाईक जात होती, त्यामुळे आता ती हर्षदाच्याच मागं लागली. सून पुढं, सासू मागं, अशी एक फेरी झाली. कुठूनतरी आलेल्या दोन गाढवांनी चरायचं थांबवून मान वर केली.

शेवटी पुढचं चाक मऊ वाळूत शिरलं. म्हैस डबक्यात बसावी तशी बाईक सावकाश एका अंगावर बसली आणि मालतीबाई उतरून शेजारी वाळूत पडल्या.

हर्षदा धावत पोचली. "लागलं का? मम्मी, बोला ना."

मालतीबाईंनी हेल्मेटची काच वर केली. आतला चेहरा लालबुंद झाला होता आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. हर्षदा त्यांचे हातपाय चाचपू लागली. मग तिला दिसलं की सासू हसत होती. आवाजही फुटत नव्हता, इतकी हसत होती.

"ती गाढवं," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या.

हर्षदा हसतच सुटली. तीही वाळूत बसली. मग बाईक उचलायची होती. पाठ सीटला लावून, गुडघ्यांत वाकून मागं चालायचं, हे हर्षदाला येत होतं. बाईक अर्धी वर आली की मालतीबाईंना हसू फुटायचं, ते ऐकून हर्षदाच्या हातातलं बळ जायचं आणि बाईक पुन्हा बसायची. शेवटी हर्षदानं त्यांना गाढवांकडे पाठ करून उभं केलं, तेव्हा बाईक उभी राहिली. आरसा वाकला होता. मालतीबाईंनी त्यात बघून कुंकू नीट केलं.

कुंझुम ओलांडून खाली उतरल्यावर खरी परीक्षा झाली. बातलच्या पुढं रस्ता म्हणजे नुसते गोटे, आणि मधूनमधून त्यावरून वाहणारे ओढे. उन्हानं वरचं बर्फ वितळतं तसं दुपारनंतर पाणी वाढतं, म्हणून ओढे सकाळीच ओलांडायचे, हे हर्षदानं पक्कं ठरवलं होतं. पण वाटेत टायर पंक्चर झालं, ते काढण्यात वेळ गेला, आणि त्या मोठ्या ओढ्याशी पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाणी दुधाळ आणि जोरात होतं.

हर्षदा आधी काठीनं खोली चाचपत चालत पलीकडे जाऊन आली. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं. मालतीबाईंना हात धरून तिनं पैलतीराला पोचवलं, सामानाच्या पिशव्या नेल्या, मग बाईकवर बसून पाण्यात शिरली. अर्धं अंतर झकास गेलं. मग पुढचं चाक दोन दगडांमध्ये अडकलं आणि इंजिन बंद पडलं.

पाणी चाकावर आपटत होतं. बाईक सोडली तर आडवी होणार, धरून ठेवली तर हलणार नाही. हर्षदाचे दात वाजायला लागले. तिनं वर बघितलं तर मालतीबाई काठी घेऊन पाण्यात उतरत होत्या.

"मम्मी, नका येऊ. घसराल."

"तू हॅन्डल सांभाळ. माझ्याकडे बघू नको."

त्या मागं आल्या आणि सामानाच्या दांडीला खांदा लावला. हर्षदानं बटण दाबलं. इंजिन खोकलं आणि चालू झालं. "आते," मालतीबाई म्हणाल्या. एक धक्का, दुसरा धक्का, आणि बाईक दगड ओलांडून उसळून काठावर चढली. मागं मोठ्ठा धप्प असा आवाज झाला. आधार गेल्यामुळे मालतीबाई पाण्यात बसल्या होत्या, गळ्यापर्यंत भिजून, काठी मात्र हातात घट्ट.

हर्षदानं त्यांना ओढून बाहेर काढलं. पलीकडच्या सपाटीवर तिनं घाईघाईनं तंबू लावला, त्यांना कोरडे कपडे घालायला लावले, दोन्ही स्लीपिंग बॅगा त्यांच्याभोवती गुंडाळल्या आणि आलं ठेचून चहा टाकला. त्यांचे पाय मांडीवर घेऊन ती चोळत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मालतीबाईंना दिसलं.

"काही झालं नाही मला."

"झालं असतं म्हणजे? मी गोपालला काय सांगितलं असतं? पप्पांना काय सांगितलं असतं?"

"सांगितलं असतं, मम्मी पोहायला शिकली." मग त्यांनी तिचा थंड हात आपल्या बॅगेत ओढून घेतला. "मी धक्का दिला तेव्हा गाडी निघाली ना?"

"निघाली."

"मग. आता चहात साखर टाक, रडू नको त्यात."

सकाळी ऊन आलं तेव्हा ओढा घोट्याएवढा झाला होता. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या आणि पुन्हा हसायला लागल्या.

ग्राम्फूजवळ डांबरी रस्ता सुरू झाला. हर्षदाला इतकं बरं वाटलं की तिनं बाईक थांबवून त्या काळ्याभोर सडकेवर बूट घासून पाहिला. मागून मालतीबाई उतरल्या आणि आल्या त्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या.

"संपलं?"

"हो. आता मनालीपर्यंत गुळगुळीत."

"परतीची गाडी कधीची आहे आपली?"

"तेरवाची, चंदीगडहून. एक दिवस हातात ठेवलाय, काही अडचण आली तर म्हणून."

"आली का अडचण?"

हर्षदानं डोळे बारीक करून सासूकडे बघितलं. मग तिनं फोन काढला. एक काडी रेंज होती. तिनं फोन स्पीकरवर टाकला. गोपालनं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "मला प्लास्टर आहे आणि मम्मी परत डोंगरात चाललीय. पप्पांशी बोल."

धुडकूभाऊंनी फोन घेतला. "हिंग कुठं ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

"वरच्या फळीवर, हळदीच्या मागं," मालतीबाई म्हणाल्या. "आम्ही आणखी एक दिवस इथंच राहतो."

"राहा. खिचडी बरी व्हायला लागलीय."

रस्त्याकडेच्या ढाब्यावरून त्यांनी दूध, अंडी आणि कांदे घेतले. हर्षदानं बाईक वळवली. डांबर संपलं, पहिल्याच गोट्यावर दोघी एकदम सीटवरून उडाल्या, आणि मागून मालतीबाईंचा "हं" असा समाधानाचा आवाज आला.