आधी आपला तळवा

"अगं, आधी स्वतःचा तळवा फिरव खांबावरून. कूस असली तर आपल्या हातात जाऊ दे, मैत्रिणीच्या नको."

संघाच्या प्रशिक्षक हिराताईंचे हे शब्द अजून माझ्या कानांत आहेत. मित्रांनो, मी हडपसरच्या एका मैदानावरचा खो-खोचा खांब. जात सागवानाची, पण आता थकलो. उन्हाने अंगाला भेगा पडल्या. कुणी मला मांडवाची दोरी बांधते, कुणी दुचाकी टेकवते. चालायचेच. उभे राहणे एवढेच माझे व्रत.

शेजारच्या मांजरी गावच्या सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले. दर खंडेनवमीला हिराताई मला हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत. खेळाआधी मला चाचपायचे, लाकडाची कूस, म्हणजे टोकदार कुसळ, हाताला लागली तर पॉलिश पेपरने घासून काढायची, हा आमच्या मैदानाचा नेम. तो संघातल्या जिवलग मैत्रिणी अपेक्षा आणि तनुजा पाळत. एकीचा हात वरून, दुसरीचा खालून, आणि तोंडाची टकळी अखंड सुरू.

मग तनुजाचे बिऱ्हाड विश्रांतवाडीला गेले आणि ती तिकडच्या संघातून खेळू लागली. यंदा तोच संघ आमच्याकडे सामन्याला आला.

"ट्रॅकसूट भारी आहे हं," अपेक्षा म्हणाली. "जुनी टीम सोडल्याबद्दल फ्री मिळाला का?"

"अपू, रोज दोन बस बदलून कशी येणार होते मी?"

"मी कुठे काय म्हटलं? पाहुण्यांनी पाणी घ्यावं."

पहिला पाठलाग पाहुण्यांचा ठरला. अपेक्षा एकटीच मला चाचपायला आली. माझ्या कमरेपाशी तिची बोटे थबकली. तिथे कूस उभी राहिली होती. पेपर तिच्या खिशातच होता. तिने वळून तनुजाकडे पाहिले, हात काढून घेतला आणि निघून गेली. मी लाकूड, हाक कुठून मारणार?

तनुजा वाऱ्यासारखी आली, मला धरून गर्रकन वळली आणि कळवळली. तरी आधी तिने पुढचीला खो दिला, मगच खाली बसली. तळव्यातून रक्त येत होते. अपेक्षा धावत आली.

"तू चाचपलं होतंस ना, अपू?" तनुजा म्हणाली. "मग आत्ताच निघाली असेल कूस. जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी जिल्हा संघाची निवड होती. हात बांधलेली तनुजा जाऊ शकली नाही. अपेक्षाची निवड झाली.

संध्याकाळी ती माझ्या बुंध्याशी बसून हिराताईंना म्हणाली, "ताई, मला कूस लागली होती. मी मुद्दाम घासली नाही."

हिराताई तिच्या शेजारी टेकल्या. "मला कशाला सांगतेस? हात कुणाचा?"

"तनुजाचा. उद्या सांगते तिला. नक्की. पण ती पुन्हा बोललीच नाही तर?"

"तरी जायचं. हा काही नवस नाही, बाळा, फळ मागायला."

आज सकाळी मैदानावर कुणी नव्हते. अपेक्षा आली. तिने मला खालपासून वरपर्यंत घासले, भुकटी फुंकली आणि डोळे मिटून तळवा फिरवला. किती दिवसांनी अंगाला असा हात लागला!

मित्रांनो, माझ्यासारखे जुने लाकूड दिसले तर त्यावरून एकदा हात फिरवा. तुमच्यामागून कुणीतरी विश्वासाने तिथेच हात टाकणार असते.

अपेक्षाने पेपर खिशात ठेवला, मला नमस्कार केला आणि ती विश्रांतवाडीच्या बससाठी थांब्याकडे चालू लागली.