साखर घालायची वेळ

माझ्या तळाला, डाव्या कडीपासून चार बोटांवर, शर्टाच्या बटणाएवढा एक काळा डाग आहे. दर वर्षी तो थोडा पसरतो. भात पहिल्यांदा लागतो तो याच जागी, आणि या डागामुळेच तो लागतो असं घरातल्या सगळ्यांचं ठाम मत आहे. खरं तर उलट आहे. आधी भात लागला, मग डाग पडला. पण हे सांगणार कोण?

मित्रांनो, मी एक जुनं पितळी पातेलं आहे. वय बावन्न. माझं तोंड चांगलं दीड वीत रुंद आहे, पण त्यातून आजवर वाफेशिवाय काही बाहेर पडलेलं नाही.

मला एका म्हाताऱ्या तांबटाने घडवलं. ठोकून ठोकून त्याचे कान गेले होते, म्हणून पत्र्याची जाडी तो बोटांनी तपासायचा. माझा तळ त्याने कडांच्या दुप्पट जाड ठेवला. "गोडाचं भांडं आहे, बाई. याच्याशी घाई करू नका," असं त्याने मला विकताना सांगितलं.

त्या बाई म्हणजे या घरच्या सासूबाई. त्यांनी घाई कधी केली नाही. घरात मोठी पंगत असली की गोड भात माझ्यातच व्हायचा. तांदूळ धुऊन कपड्यावर निथळायचा, तुपावर लवंगेबरोबर परतायचा, त्यावर कढत पाणी ओतायचं आणि झाकण ठेवायचं. मग त्या मधूनमधून एक दाणा चिमटीत दाबून बघायच्या. दाण्याच्या पोटातला पांढरा ठिपका पूर्ण गेला की मगच साखर. साखर विरघळून भात जरा सैल व्हायचा, मंद आचेवर पुन्हा आळायचा, आणि शेवटी दाणा न् दाणा मोकळा आणि मऊ. एकदा एका पाहुण्यांनी हात धुता धुता विचारलं होतं, "पातेलं कुठून घेतलंत हो?" बावन्न वर्षांत माझं झालेलं हे एकमेव कौतुक. मी ते जपून ठेवलं आहे.

मग घरात थोरली सून आली. सगळे त्यांना ताई म्हणतात. ताई हुशार, हाताला विलक्षण चपळ. पण एका पंगतीच्या दिवशी मी कल्हईवाल्याकडे अडकून पडले. सासूबाईंनी वाट पाहून तांदूळ दुसऱ्या भांड्यात शिजवून घेतला. मी घरी पोचताच त्यांनी तो शिजलेला भात, साखर आणि थोडं पाणी एकदमच माझ्यात घातलं. नेमक्या त्याच वेळी ताई पाण्याची कळशी घेऊन आत आल्या. सगळं एकत्र घालायचं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि मनावर कोरून ठेवलं. त्यांच्या पाहण्यात काही चूक नव्हती. त्या फक्त अर्धा तास उशिरा आल्या होत्या.

पुढच्याच वर्षी सासूबाई गेल्या. विचारायला कुणी उरलं नाही.

तेव्हापासून तीस वर्षं माझ्यात तांदूळ कच्चा असतानाच साखर पडते आहे. साखर पाणी धरून ठेवते, दाण्याला मिळू देत नाही. दाणा वरून चकचकीत होतो आणि आत खडा राहतो. ताई आणखी पाणी घालतात, आच वाढवतात. दाणा शिजत नाहीच, पाक मात्र तळाला जाऊन करपतो. मग लोखंडी उलथन्याने खरवडायचं मला! कल्हई जाते, तळ झिजतो, पुढच्या वेळी भात आणखी लवकर लागतो. आणि बोल कुणाला? "मेलं पातेलंच दगाबाज आहे!"

मित्रांनो, मला राग येतो तो पंगतीचा. ताई लहानपणापासून गोडाला शिवत नाहीत, त्यामुळे त्यांनी हा भात कधी चाखलेलाच नाही. चाखणारे बाकी सगळे. एक जण तरी तोंड उघडेल? "वा, छान झालाय!" म्हणायचं, दोन घास पाण्याबरोबर गिळायचे आणि उरलेला भात वाटीखाली सरकवायचा. मायेपोटी म्हणे! या मायेने माझा तळ पोखरला.

अकरा वर्षांपूर्वी धाकटी सून आली. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पहिल्याच पंगतीनंतर तिने मोरीपाशी एक दाणा नखाने फोडला, उजेडात धरला आणि नवऱ्याला म्हणाली, "साखर आधी पडते. म्हणून शिजत नाही."

"मग सांग की वहिनीला."

"तुम्ही सांगा. तुम्हाला त्यांनीच वाढवलंय ना?"

"म्हणूनच तर! मला या घरात अजून बरीच वर्षं जेवायचंय."

तिने एकदा धीर केला होता. "ताई, साखर जरा थांबून घातली तर?" एवढंच म्हणाली. ताईंनी वळूनही पाहिलं नाही. "तुझे प्रयोग तुझ्या प्रयोगशाळेत कर हं. इथे माणसं जेवतात." त्यावर ती जी गप्प झाली ती झालीच. दर पंगतीला माझ्या शेजारी उभी राहते, साखर पडताना बघते आणि ओठ मिटून घेते. मला बोलता येत नाही, ते एक वेळ ठीक. पण जिला येतं तिनेही माझ्यासारखंच पितळेचं होऊन उभं राहायचं?

मागच्या पंगतीला भांडेवाली आली नाही. ताटं ताईंनी घासली. एकेक वाटी उचलत गेल्या आणि प्रत्येक वाटीखाली त्यांना भाताचा ढिगारा दिसला. बराच वेळ नळ नुसता वाहत होता. मग मला उचलून म्हणाल्या, "हे मोडीत काढायचं."

आज ताईंचे यजमान, थोरले भाऊ, नोकरीतून निवृत्त झाले म्हणून पंगत आहे. बावीस पानं. दुपारी चार वाजता भंगारवाला येणार आहे.

"याचा हा शेवटचा भात," ताईंनी तांदूळ परतता परतता सांगितलं. "आणि आजही बिघडला ना, तर माझीही आशा सोडा. पुढच्या वेळी आचारी बोलवा."

"असं काय बोलता, ताई?" धाकटी म्हणाली.

"मग कसं बोलू? काय काय दडवलं होतंत गं वाट्यांखाली! मला मेलीला वाटायचं, लोक पोटभर जेवतात. माझ्या हातालाच यश नाही, एवढं तरी सांगायचं होतंत कुणीतरी."

धाकटीने कढत पाणी ओतलं. माझा तळ तापला, डागाची जागा सगळ्यांच्या आधी. चार-पाच मिनिटांनी तिने चमच्याने दोन दाणे काढून चिमटीत दाबले. मधोमध पांढरा ठिपका होता, अगदी स्पष्ट.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू कोपऱ्यात पडली असेल, जिच्यावर सगळे खापर फोडतात. ती टाकून देण्याआधी तिच्याशी आपण कसं वागलो, ते एकदा आठवून बघा. आणि घरातलं माणूस चुकत असेल तर त्याला जेवणाआधी सांगा, ताटातलं लपवून नको. यापेक्षा जास्त काही मला मागायचं नाही.

ताईंनी साखरेचा वाडगा उचलला. नेहमीसारखाच, माझ्या तोंडाशी आणला. "घालते गं," म्हणाल्या.

आणि धाकटीने वाफेची पर्वा न करता माझ्या तोंडावर हात आडवा धरला.

"थांबा, ताई. तुमच्या हातात काही खोट नाही आणि या पातेल्यातही नाही. साखर लवकर पडते, एवढंच आहे. मला अकरा वर्षं माहीत होतं आणि अकरा वर्षं मी गप्प बसले, ती चूक माझी. आता दाणा शिजेपर्यंत तो वाडगा माझ्याकडे द्या."