तळाला चीर असलेला सांधा

मी रुळाचा सांधा बोलतोय. कपाशीच्या शेतांमधून जाणाऱ्या लाईनवर, दोन रूळ जोडायला मला ओतलं.

जन्माला वेळ लागला नाही. धावजी वेल्डरने फटीभोवती साचा बसवला. वरच्या भांड्यात गेरूच्या रंगाचा लोखंडाचा ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिनियमची पूड भरून पेटवली. अ‍ॅल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. त्याने लोखंडाकडचा ऑक्सिजन हिसकून घेतला आणि त्या झटापटीत एवढी धग उसळली, की सुटं झालेलं लोखंड पाण्यासारखं खाली वाहिलं. ते लोखंड म्हणजे मी. अ‍ॅल्युमिनियम मळी होऊन वर तरंगलं. धावजीने ती मळी फेकून दिली. ज्याने मला सोडवलं, त्याचा निरोपही मला घेता आला नाही.

खरं तर त्या दिवशी साचा दमट होता. धावजीने साहेबांना तसं सांगितलंही होतं. पण गाडी यायची होती, साहेब घाईत होते. ओलाव्याची वाफ झाली आणि माझ्या तळाशी बोराच्या बीएवढा फुगा अडकला. वरून मी गुळगुळीत, चकचकीत. तपासणीत पास झालो.

हिवाळ्यात रूळ आखडले, दोन्हीकडून मला ओढू लागले. फुग्यापासून चीर निघाली. गाडी गेली, की ती केसभर वाढायची. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

लालीबाई रोज सकाळी हातोडी घेऊन लाईन तपासायला यायची. आर्णीकडच्या तांड्यावरची, नवऱ्यामागे त्याच्या जागी लागलेली. एके सकाळी तिने मला ठोकलं आणि थबकली. पुन्हा ठोकलं. मग साहेबांना फोन लावला.

"साहेब, याचा आवाज बसला हाय. गाडी सोडू नोका."

साहेब म्हणाले, सांधा पास झालेला आहे, तू पुढे चाल. ती पुढे गेली नाही. लाल झेंडी धरून रुळात उभी राहिली. डब्यांतल्या खिडक्यांमधून माणसं डोकावत असताना गाडी थांबली.

साहेब आले, वरून पाहिलं. दिसण्यासारखं काही नव्हतं. तरी गाडी अडली म्हणून मला घाईघाईत कापून नवा तुकडा जोडला. माझा तळ कुणी पाहिला नाही. सांधा चांगला होता, असा अहवाल गेला आणि विनाकारण गाडी थांबवल्याबद्दल लालीबाईला नोटीस आली.

काल ती भंगाराच्या ढिगापाशी आली होती. सोबत धावजी. दोघं एकेक तुकडा उलटून पाहत होते.

"सापडला त दावता येईन," धावजी म्हणाला. "नाही त आपलं कोण आयकते?"

लालीबाईने मलाही हात लावला. पण मी जड, वर दुसरा रूळ पडलेला. वरून मी अजूनही गुळगुळीतच. ती पुढच्या तुकड्याकडे वळली. ऊन चढलं तसे दोघं निघून गेले.

परवा भंगाराचा ट्रक येणार आहे. नोटिशीला उत्तर द्यायची तिची मुदत त्यानंतर आहे. तुमच्यापैकी कुणी इकडून जात असेल, तर एवढंच करा, मला उलटा करा.