फाटक्या पडद्याचा सूर

मित्रांनो, दिसायला मी धान्याच्या पेटीसारखा आहे. पण कापडाआड कान लावलात तर कळेल, मी गिटारचा एक जुना स्पीकर आहे. ओतूरच्या सुताराने माझी पेटी ठोकली. आत कागदाचा गोल पडदा बसवला. तो थरथरला की मी बोलतो.

निमगाव सावा इथले कुंडलिकबाबा भीमगीतांची गायनपार्टी चालवत. त्यांनी मला आणले, कारण त्यांची सून कल्याणी गिटार वाजवायची. खडकीला माहेरी ती भावाकडून शिकली आणि लग्नात भावाने आपली इलेक्ट्रिक गिटारच तिला आहेर केली. दिवसभर ती शिवणकाम करी, संध्याकाळी बाबांच्या बाजाच्या पेटीमागे हळू आवाजात साथ करी. आमच्या भागात तेव्हा गिटारला एवढेच काम होते.

सत्त्याण्णव साली आम्ही जयंतीच्या कार्यक्रमाला तळेघरला निघालो. वाटेत टेम्पो आदळला. माइकच्या स्टँडचा गज माझ्या कापडातून आत घुसला आणि पडदा फाटला. स्टेजवर कल्याणीने तार छेडली, तर माझ्या तोंडून घोगरी गुरगुर निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"बंद कर ते," बाबा ओरडले. "नरडं बसल्यावानी आवाज येतोय!"

"थांबा मामा," कल्याणी म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणे. "फाटलाय खरा, पण मरंना झालाय बघा आवाज."

तिने एकच सूर धरला. तो विझेना. वाढत, फुत्कारत तो समोरच्या डोंगरावर गेला आणि तिथून परत आला. पोरांना थोपटणाऱ्या बायांचे हात थांबले. माझ्याच पोटातून एवढे मोठे काही निघू शकते, हे मला ठाऊकच नव्हते. कार्यक्रम संपल्यावर साळुबाई नावाची म्हातारी जवळ आली आणि तिने माझ्या कापडाला बोट लावले.

"बाई, ह्यात कोन हाय गं?"

"कोण न्हाई आजी. फाटका कागद हाय."

"मंग माज्या छातीत कसं वाजलं?"

कल्याणी नुसती हसली. 

पुढे ओतूरला मोठा कार्यक्रम ठरला. बाबांनी कौतुकाने मला दुकानात नेऊन नवा पडदा बसवून आणला. "घे, कसा नव्यावानी झालाय!" कल्याणीने वाजवून पाहिले. मी गोड, गुळगुळीत बोललो. तिने गिटार खाली ठेवली. शिवणाच्या डब्यातून ब्लेड काढले, माझे कापड उचलले आणि म्हणाली, "मामा, रागावू नका."

चर्र! नवाकोरा पडदा तिने चिरला.

"आगं, काय केलंस ह्ये?"

ती सरळ वाजवू लागली. बाबांचे गाणे तेच होते, पण आता ते अन्यायाला दार ठोठावून जाब विचारत होते. बाबा पेटीचा भाता धरून बसून राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"पोरी," ते म्हणाले, "आजपातुर तू माज्या मागं वाजवलंस. उद्या तू म्होरं हो. मी येतो मागनं."

ओतूरला तसेच झाले, आणि मैदान उभे राहिले! मग जुन्नर, घोडेगाव, नारायणगावचे वादक येऊन माझा पडदा निरखू लागले, घरी जाऊन आपापले स्पीकर चिरू लागले. त्या सुराला 'कल्याणीचा सूर' असे नाव पडले. जिथे मुलींच्या हाती कुणी गिटार दिली नसती, तिथल्या मुली तिच्या ओट्यावर शिकायला बसू लागल्या.

पण मित्रांनो, दहा वर्षे ती मला अगदी खेटून उभी राहिली. आधी तिच्या कानात शिट्टी वाजू लागली. मग माणसांचे बोलणे पुसट झाले. पुण्याच्या डॉक्टरांनी यंत्र दिले, तरी सूर काही परत आले नाहीत. तिने स्टेज सोडले. मी कांद्याच्या गोण्यांमागे पडलो आणि उंदरांनी माझे कापड कुरतडले.

एके दिवशी तिची शिष्या वैष्णवी ओतूरच्या कॉलेजातून आली. तिने मला पुसून बाहेर काढले आणि गिटार जोडली. कल्याणीबाईंनी पाटावर बसून तळहात माझ्या कापडावर टेकवला. वैष्णवीने दोन तारा एकदम छेडल्या.

"थरथर डळमळतीया," बाई म्हणाल्या. "खालची तार उतरलीय बघ. चढव."

वैष्णवीने तार पिळली. डळमळ थांबली तशी बाईंची मान डोलली. मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्या, पण त्या हाताखाली मी जसा थरारलो तसा कधीच थरारलो नव्हतो.

मित्रांनो, आम्हां जुन्या वस्तूंना अडगळीत टाकू नका. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुमचे कान जपा. मिरवणुकीत मोठ्या बॉक्सला चिकटून नाचू नका. मला पडदा दोनदा मिळाला. माणसाला दुसरा मिळत नाही.

वैष्णवी वाजवता वाजवता रंगात आली आणि माझ्या जवळ सरकली. बाईंनी दुसऱ्या हाताने तिला मागे ढकलले.

"लांब हो पोरी, पार दाराशी जा," त्या म्हणाल्या. "हितली जागा माजी हाय."